आढळली नाही

उरुळी देवाचीच्या गोदामात
थप्पी सात, काबुली चणा, अकराशे चाळीस पोती.
पोकळ सळई पोत्याच्या कुशीत खुपसते,
कलती करते, आणि तळहातावर घरंगळतात
थंड, चोचवाले दाणे.
वरचं पोतं, मधलं, तळातलं, भिंतीकडचं.
भिंतीकडचं विसरायचं नाही,
किड्याला कोपरा आवडतो.

मुनाफ तांबोळी ताडपत्रीची घडी घालतोय.
कडेनं दाबलेल्या वाळूच्या लांब पिशव्या,
त्यांना तो अजगर म्हणतो,
एकेक खांद्यावर टाकून कोपऱ्यात नेतोय.
सात दिवस आत वायू कोंडला होता, काल दारं उघडली.
"मॅडम, आता आत फक्त चणेच आहेत,"
तो म्हणतो, आणि जरा थांबून,
"चणे आणि मी."

चाळणीत काय उरतं?
तुरीचं एक टरफल. हिरणखुरीचं काळं बी.
मातीचा एक खडा, हरभऱ्याएवढा,
हरभऱ्याचंच सोंग घेऊन बसलेला.
तिकडे माती चालत नाही.
मातीतून उपटलेल्या गोष्टीला
मातीचा स्पर्श नको.
मी खडा बाजूला काढते, नोंद करते,
पुन्हा चाळायला सांगते. ओस्तवालांचा मुनीम
घड्याळाकडे बघतो: बोट परवा सुटतेय.

दुपारी लिहायचं ते एवढंच:
जिवंत कीड – आढळली नाही.
एकवीस वर्षं मी हाच शब्द लिहितेय.
आढळलं ते कुणी विचारत नाही फारसं,
नसण्यालाच सही लागते, शिक्का लागतो, गोल, निळा.
आणि किती पाहिलं म्हणजे "नाही" म्हणता येतं,
ते कोष्टकात आहे. कोष्टकाबाहेरची पोती
शिवलेल्या तोंडांनी उभी असतात.

संध्याकाळी सहकारनगरात, जिन्यात,
वरच्या मजल्यावरचे प्रभुणे मास्तर पिशवी घेऊन.
दोन किलो कडवे वाल.
शर्वाणीला पाठवायचेत, तिकडे मिळत नाहीत,
मिळतात ते असे नसतात.
"तुमच्याच खात्यातलं ना हे? द्या की एक दाखला."
मी म्हटलं, अख्खे जाणार नाहीत, फोडून द्या.
त्या देशाच्या यादीत डाळ आहे, दाणा नाही.
"का?"
कारण डाळ उगवत नाही.
एकवीस वर्षांत हे पहिल्यांदाच
असं जिन्यात, मोठ्यानं म्हणावं लागलं.

मास्तर पिशवीत बघत राहिले.
"फोडलेल्याचं बिरडं होत नाही हो,"
ते म्हणाले. एखाद्या विद्यार्थ्याला
सोपी बेरीज चुकल्यावर सांगावी तसं.

सवयीनं मी मूठभर घेतले, दिव्याखाली धरले.
एका वालाच्या पाठीवर
पांढरा ठिपका, खसखशीपेक्षा लहान,
डिंकानं चिकटवल्यासारखा.
अंडं.
पाखडलेत ना, उन्हं दिलीत ना, मी विचारलं.
"दोनदा. गच्चीवर."
तेवढा एक दाणा मी मुठीत ठेवून घेतला,
बाकीचे परत दिले, काही बोलले नाही.

रविवारी पातेलं आलं, वर ताटली झाकलेली.
मोड आणून, सोलून, गूळ आणि आमसूल घालून.
दोन किलोचं बिरडं एकट्या माणसाला कसं संपणार,
अख्ख्या जिन्यात वास होता.
मी दोनदा वाढून घेतलं.

तो एक दाणा टेबलावर, नमुन्याच्या बाटलीत.
आधी काहीच नाही. मग सालीखाली
एक करडी गोल खिडकी, आतून पुसत आणलेली.
सत्ताविसाव्या दिवशी खिडकीचं दार पडलेलं
आणि बाटलीच्या तळाशी
तपकिरी, तिळाएवढा, मिशा हलवत
तो चालत होता, जिथवर काच आहे तिथवर,
आणि वळून परत.

झाकण घट्ट आहे ना
ते मी दोनदा पाहिलं.